मदत हवी आहे: गरिबी म्हणजे शाप का? महिला सभेसाठी बायबलची वचनं सुचवा

प्रभूत सर्वांना सलाम. सोलापुरात आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) महिला सभेत बहुतेक जणी विड्या वळणाऱ्या. मजुरी दर हजार विड्यांमागे; पान खराब निघालं की विड्या छाटल्या (नाकारल्या) जातात. मध्यंतरी बाहेरून आलेले एक उपदेशक सांगून गेले: गरिबी शाप आहे, दशांश (कमाईचा दहावा भाग) द्या, कर्ज फिटेल. आधार मलाखी ३:१० चा, जिथे देव म्हणतो, दशांश आणा म्हणजे मी आशीर्वाद ओतीन. तेव्हापासून एक मावशी बचत गटाचा हप्ता थकवून दानपेटीत पैसे टाकतात, आणि काही फरक पडत नाही म्हणून आपल्याच विश्वासाला दोष देतात.

मला हे पटत नाही. लूक ६:२० मध्ये येशू दीनांनाच धन्य म्हणतो. प्रेषित पौल २ करिंथ ९:७ मध्ये म्हणतो, देणं खुशीचं असावं, जुलमाचं नको. आणि त्याच मलाखी ३:५ मध्ये मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांचा न्याय आहे, ते मात्र कुणी वाचत नाही!

पण मावशी विचारतात, "मग आम्ही असंच राहायचं का गं?" गरिबीचं कौतुक मला करायचं नाही (पोट भरलेल्यांना ते सोपं जातं). याकोब ५:४ (मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, ते वचन) पासून सुरुवात करू का? आशीर्वाद म्हणजे काय, हे त्यांना कसं सांगू? कुणी असा अभ्यास घेतला असेल तर कृपया कळवा.