बाबांच्या दहाव्याला कावळा शिवला नाही, आई खचून गेलीय

माहेरवाशीण

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. बाबांना जाऊन आज १६ दिवस झाले. मी एकुलती एक, लग्न होऊन पुण्यात असते. अग्नी मीच दिला, मडकं खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या मीच मारल्या. बाबांनीच आजारपणात आईसमोर सांगून ठेवलं होतं की चुलतभावाला वगैरे पुढे करायचं नाही, माझं सगळं हिनेच करायचं. त्या दिवशी कोणी काही बोललं नाही.

दहावा कराडला, कृष्णेच्या घाटावर केला. साडेअकराला पिंड ठेवले, बाजूला त्यांना आवडायची म्हणून कांदाभजी आणि स्टीलच्या पेल्यात चहा. समोरच्या झाडावर सात-आठ कावळे होते, दोन तर अगदी हातभर अंतरावर उड्या मारत आले, मान वाकडी करून भज्यांकडे बघितलं आणि परत गेले. मग एकेकाने हात जोडून शब्द द्यायला सुरुवात केली. काका म्हणाले वहिनींना काही कमी पडू देणार नाही, मी म्हटलं आईला एकटी ठेवणार नाही, आत्या म्हणाली गावचं घर विकणार नाही म्हण, तेही म्हटलं. काही नाही. पाऊण तास झाला, फरशीने पाय भाजत होते, भात वरून सुकला, चहावर साय धरली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि पिंड नदीत सोडले.

परतताना गाडीत एक नातेवाईक बाई आईला म्हणाल्या, "लेकीला तीन दिवसांचं सुतक, तिच्या हातचा दहावा कसा शिवेल?" तेव्हापासून आई रात्री उठून बसते, विचारते "त्यांचं काय राहिलं असेल गं?" जेवणही नीट नाही. कोणाला असा अनुभव आहे का? परत काही विधी करावा लागतो का? आणि मुलीने केलं म्हणून शिवत नाही असं खरंच कुठे आहे का? मला स्वतःला हे पटत नाही, पण रात्री दोनला आई विचारते तेव्हा माझीही जीभ अडखळते.

गोदाकाठ

ताई, आधी तुमच्या बाबांना नमस्कार. माझं सगळं बालपण पंचवटीत गेलं, रामकुंडावर रोज दहावे बघत मोठा झालो त्यामुळे हे डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. सकाळी आठ-नऊला ठेवलेला पिंड लगेच शिवतो कारण कावळा उपाशी असतो, साडेअकरा-बारापर्यंत त्याने चार ठिकाणचा भात खाल्लेला असतो आणि उन्हात तो सावली सोडत नाही. पितृपक्षात तर पोट इतकं भरलेलं असतं की लोक तासन् तास थांबतात. आणि पिंडाभोवती वीस माणसं गोल करून उभी असली, त्यात कोणी फोन वर करून शूटिंग करत असलं की तो येतच नाही, फार सावध पक्षी आहे. तुमच्याकडचे दोन हातभर अंतरावर येऊन परत गेले म्हणताय ना, ते माणसांना बिचकले.

दुसरं म्हणजे माझ्या सख्ख्या मामांच्या दहाव्याला तीन मुलगे होते, तिघांनी मुंडण केलेलं, दोन तास उभे होते, नाही शिवला. तिथे कोण काय म्हणणार? त्या बाईंना एवढंच विचारा.

निवृत्त भिक्षुक

३५ वर्षं हेच काम केलं म्हणून लिहितो. दर्भाचा कावळा म्हणजे काही कमीपणाची तडजोड नाही. कावळा नाही आला तर काय करायचं हे परंपरेनेच ठरवून ठेवलंय, कारण आधीच्या पिढ्यांनाही हे दिसत होतं. त्याने शिवला म्हणजे शिवला, परत काहीही करायचं नाही.

लेकीला तीन दिवस हे खरं, पण अर्धंच. जो क्रिया करतो त्याला पूर्ण दहा दिवस लागतात, मग तो कोणी का असेना. आणि अधिकाराचं म्हणाल तर धर्मसिंधूत मुलगा नसेल तर पुढे कोणी करायचं याचा क्रम दिलाय त्यात पत्नी आहे, मुलगी आहे, मुलीचा मुलगा आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने तर कितीतरी स्त्रियांना पौरोहित्य शिकवलंय, त्या सगळे संस्कार सांगतात.

तुम्ही बाराव्याचं सपिंडीकरण केलं ना? मग आईंना हे सांगा की दहाव्यावर काही अडत नाही. बाराव्याला मोठा पिंड आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा यांच्या पिंडांत मिसळतात तेव्हा माणूस पितरांच्या पंगतीत जाऊन बसतो. तुमचे बाबा आता त्यांच्या वडिलांच्या शेजारी बसलेत.

शिरोळकर

आमच्याकडे कोल्हापूर भागात तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. माझे वडील गेले तेव्हा रक्षा नदीत न सोडता शेतात बांधाला खड्डा काढून घातली आणि वर आंब्याचं रोप लावलं, आता चार वर्षांचं झालंय. नैवेद्य तिथेच ठेवला, कावळा आला की नाही कोणी बघतच बसलं नाही.

पण ताई, सगळे बाबांचं काय राहिलं तेच विचारतायत, आईचं कोणी विचारलं का? दहाव्याला त्यांच्या बांगड्या, कुंकू, जोडवी यांचं काय केलं? आमच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ ला ठराव करून हे सगळं बंद केलं आणि त्याच महिन्यात १७ तारखेला शासनाने परिपत्रक काढून बाकी गावांना तसं करायला सांगितलं. ज्या बाईच्या हातातल्या बांगड्या दहा जणींसमोर फोडल्या जातात तिला त्या रात्रीपासून झोप कशी लागेल? माझ्या आईचं मी होऊ दिलं नाही, भाऊबंद महिनाभर बोलत नव्हते, पण आई आजही कुंकू लावते.

ओसरी

गोदाकाठ यांचं सगळं बरोबर आहे पण ताई, आईला कावळ्याच्या पोटाचं गणित नका सांगू. माझी आई गेल्यावर मी वडिलांना असंच समजवायला गेले तर ते म्हणाले तुला काय कळतंय, आणि बोलायचेच बंद झाले. "त्यांचं काय राहिलं असेल" असं त्या विचारतात तेव्हा उलट विचारा, "तुला काय वाटतं?" आणि गप्प बसून ऐका. मनातलं बाहेर पडू दे. आणि त्यांच्या हाताला काहीतरी काम द्या, मासिक श्राद्ध येईल, पुढे पितृपक्षात भरणी येईल, स्वयंपाक त्यांनाच ठरवू द्या.

माहेरवाशीण

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री वाचताना खूप रडले.

हो, बारावा नीट झाला. सपिंडीचं आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे मामंजींच्या शेजारी? त्यांचं आणि ह्यांचं कधी पटलं नाही." आणि मग तासभर बोलत होती, बाबा विसाव्या वर्षी भांडून मुंबईला कसे गेले, गिरणीत बदली कामगार म्हणून कसे राबले, आजोबा गेले तेव्हा एसटी चुकल्यामुळे अग्नीला पोहोचलेच नाहीत. मला हे काहीच माहीत नव्हतं. तेच राहिलं होतं असं तिला वाटतंय. मी काही बोलले नाही, नुसती ऐकत होते.

शिरोळकर दादा, बांगड्यांचं मला वेळेत थांबवता आलं नाही. मी घाटावर होते, घरात बायकांनी उरकून टाकलं. तिच्याशी त्यावर बोलायचा अजून धीर होत नाही.

आज सकाळी तिने स्वतःहून विचारलं मासिकाची तिथी कधी आहे. भजी मी ठरवली होती, पण बाबांना त्याहून अळूवड्या आवडायच्या, चिंच-गूळ जरा जास्त घातलेल्या, हे त्या दिवशी गडबडीत कोणालाच आठवलं नाही. पानं काळ्या देठाचीच आण म्हणालीय.