पीसीची तारीख बघितली का?
पीसीवरून साइटवर लॉगिन होत नाही म्हणता. राउटर बंद-चालू करा, कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती) उडवा हे इतरांनी सुचवलंय ते ठीकच, पण त्याच वायफायवर फोनमधून लॉगिन होतंय ना? मग राउटरला कशाला झोडपायचं! पीसीची तारीख बघा. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला (साइटच्या ओळखीचा डिजिटल दाखला) मुदत असते आणि ब्राउझर ती पीसीच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ चुकलं की 'कनेक्शन खाजगी नाही' म्हणून दारातूनच परत.

आमच्या जुन्या डेस्कटॉपवर बुद्धिबळाची साइट अशीच अडायची. वीज गेली की तारीख थेट २००९! वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरचा (पीसीच्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपला होता. नवा टाकला, तारीख लावली, झालं. लॉगिनसाठी फोनवरच्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपने दिलेला सहा आकडी कोड साइट 'चुकीचा' म्हणत असेल तर मात्र फोनचं घड्याळ तपासा. तो कोड वेळेवरूनच बनतो, साधारण दर ३० सेकंदांनी नवा.