रूरच्या खाणींतील निवडणूक-भित्तिपत्रकांवर पक्षाचे नाव का नाही?

प्रश्न : पश्चिम जर्मनीतील रूर खोऱ्यात युद्धानंतरच्या वर्षांत लागलेली काही भित्तिपत्रके पाहत आहे. एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन हातोडे, ठळक अक्षरांत ‘यादी १ ला मत द्या’ आणि खाली खाणकामगार संघटनेचे नाव, एवढाच मजकूर आहे. कामगारांत कम्युनिस्ट, सोशल डेमोक्रॅट आणि ख्रिस्ती विचारांचे असे सगळेच होते. मग पक्षाचा उल्लेख का नाही, आणि संघटना एकच असेल तर लढत कोणाशी?

उत्तर १ : ही निवडणूक संघटनेच्या पदांची नसून ‘बेट्रीब्सराट’ची, म्हणजे त्या खाणीतील कामगार प्रतिनिधींच्या समितीची आहे. युद्धानंतर जर्मनीचा कारभार पाहणाऱ्या मित्रराष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाच्या १० एप्रिल १९४६ च्या कायद्याने अशा समित्यांना मान्यता मिळाली. संघटनेचे सभासद नसलेलेही मतदार असत, त्यामुळे संघटनेच्या उमेदवारांच्या यादीसमोर दुसरी यादी उभी राहू शकत असे. पक्षाचे नाव टाळण्यामागे मात्र १९३३ चा, म्हणजे नाझी सत्तेवर आले त्या वर्षाचा, चटका आहे. त्याआधी रूरमध्ये समाजवादी, ख्रिस्ती आणि पोलिश कामगारांचे संघ वेगवेगळे होते, आणि नाझींपुढे ही फूट महागात पडली. म्हणून डिसेंबर १९४६ मध्ये हेर्न येथे सर्वांची एकच संघटना उभी राहिली. अध्यक्ष आउगुस्ट श्मिट सोशल डेमोक्रॅट, तर उपाध्यक्ष विली आगाट्झ कम्युनिस्ट.

उत्तर २ : वरील उत्तर बरोबर आहे, पण पक्ष कागदावरून गेला म्हणून खाणीतून गेला असे समजू नये. कोण कोणाचा माणूस आहे, हे सोबत काम करणाऱ्यांना पत्रक न वाचताही कळत असे. तारीख नसलेल्या पत्रकाचा काळ ओळखायचा असेल तर मागणी पाहावी. खाणी समाजाच्या मालकीच्या करण्याची मागणी सुरुवातीच्या वर्षांत जोरात होती. ऑगस्ट १९४८ मध्ये प्रांतिक विधिमंडळाने तसा कायदा संमतही केला, परंतु त्या भागाचा ताबा असलेल्या ब्रिटिश प्रशासनाने तो अडवला. त्यानंतर भर सहनिर्णयाच्या, म्हणजे कंपनीच्या निर्णयांत कामगारांनाही मत असण्याच्या, हक्कावर आला आणि मे १९५१ च्या कायद्याने कोळसा व पोलाद कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात कामगारांना बरोबरीच्या जागा मिळाल्या. हा संकेत अंदाजापुरताच घ्यावा, कारण जुनी घोषणा नंतरही कोणी वापरू शकतो.

उत्तर ३ : एक किरकोळ दुरुस्ती : ते दोन हातोडे नाहीत. एक हातोडा आहे आणि दुसरी दांडा लावलेली टोकदार छिन्नी, जिच्यावर तो हाणत. मजकूर एवढा थोडा आणि यादीचा आकडा ठळक का, याचे उत्तर मला पत्रक लागे त्या जागेत, म्हणजे कपडे बदलायच्या दालनात, दिसते. पाळी संपवून काळवंडलेला माणूस साखळीने छताशी टांगलेले आपले कपडे खाली घ्यायला निघालेला असतो. तो भिंतीपाशी थांबून परिच्छेद वाचणार नाही, पण ‘१’ त्याच्या ध्यानात राहील.