म्हातारपण हाच रोग समजून औषध शोधावं का? आणि ते आपण भारतात करावं का?

गंगापूर रोडकर:
बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून लिहितोय, लांबलंय, सांभाळून घ्या. मी अंबडला एका औषध कंपनीत क्वालिटीला आहे, वय ५८. वडील ८४. रोज रात्री त्यांच्या गोळ्या मीच भरतो, सात खणांचा डबा, एका खणात नऊ गोळ्या. बीपीची, शुगरची, रक्त पातळ करायची, प्रोस्टेटची, आणि एवढ्या गोळ्यांनी पोट बिघडू नये म्हणून सकाळी उपाशीपोटी अजून एक. पाच डॉक्टर, पाच फायली. पाचही माणसं चांगली, पण प्रत्येक जण आपापला अवयव बघतो. हे सगळं एकाच वयात एकदम का येतं हा प्रश्न कुठल्याच फायलीत नाही.

संशोधक आता तोच प्रश्न विचारतायत. २०१३ मध्ये एक पेपर आला होता, म्हातारं होताना पेशीत काय काय बिघडतं त्याच्या नऊ खुणा त्यात मांडल्या होत्या, २०२३ मध्ये त्याच लोकांनी त्या बारा केल्या. डीएनएची मोडतोड साठत जाते, पेशीतली साफसफाई मंदावते, काही पेशी मरत नाहीत आणि कामही करत नाहीत, नुसत्या बसून आजूबाजूला सूज पसरवतात. हृदय, मेंदू, गुडघे, सगळ्यांच्या खाली हेच चालू असतं. मग नऊ गोळ्यांऐवजी मुळाशी जायला नको का?

रापामायसिनचं बघा. इस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूतून निघालेलं औषध, वेगळं काढणारे सुरेंद्रनाथ सेहगल, आपल्या बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. कंपनीनं कॅनडातली लॅब बंद केली, काम थांबवलं, तर या माणसानं नमुना घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. १९९९ मध्ये ते किडनी बदललेल्या पेशंटसाठी, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून, मंजूर झालं. आणि २००९ मध्ये अमेरिकेत ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या हिशोबात साधारण साठीच्या उंदरांना दिलं तेव्हा माद्या १४ टक्के आणि नर ९ टक्के जास्त जगले. साठीत सुरू करूनही!

आता माझा मुद्दा. मेटफॉर्मिन, आपली शुगरची गोळी, १९५७ पासून वापरात, पेटंट कधीच संपलेलं. ती म्हातारपणाचे आजार पुढे ढकलते का हे बघायला अमेरिकेत 'टेम' नावाची चाचणी आखलीय, ६५ ते ७९ वयाची ३००० माणसं, तिकडचे म्हातारपणाचे संशोधक डॉ. नीर बार्झिलाई तिच्या मागे लागलेत, पण वर्षानुवर्षं पैशावाचून अडलीय कारण दोन-चार रुपयांच्या गोळीत कुठल्या कंपनीला फायदा? ही चाचणी आपण करायला हवी. गोळी आपण बनवतो, म्हातारी माणसं आपल्याकडे कोट्यवधी, आणि मोठं काम आपल्याला जमत नाही असं नाही, मुंबईच्या लोकसंख्या संस्थेनं 'लासी' अभ्यासात ४५ वर्षांपुढच्या ७२ हजारांवर लोकांना गाठलंय. मत सांगा. विरोधातलं असलं तरी चालेल.

पंचवटी फिजिओ:
विरोधातलंच आहे सर. उंदीर पिंजऱ्यात राहतो, त्याला पायऱ्या चढायच्या नसतात, रामकुंडावर ओल्या फरशीवर तोल सांभाळायचा नसतो. माझ्याकडे मागच्या पावसाळ्यात एक आजी आल्या, ७४ वय, देवपूजेला पाटावर बसायच्या आणि उठताना एक हात देव्हाऱ्याला, एक हात जमिनीला, दोन वेळा मागे झुकून तिसऱ्यांदा उठायच्या. घरच्यांना वाटायचं वय झालं. काही नाही, मांड्यांत ताकदच उरली नव्हती. खुर्चीतून हात न लावता उठायचं, आधी दोनदा, मग पाचदा, मग दहादा, असं तीन महिने करून घेतलं, आता आजी पाटावरून एका दमात उठतात. गोळी शून्य.

आणि तुमच्या मेटफॉर्मिनबद्दलच सांगते. २०१९ मध्ये ६५ च्या पुढच्या लोकांवर प्रयोग झाला, सगळ्यांकडून १४ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले, अर्ध्यांना मेटफॉर्मिन, अर्ध्यांना नुसती दिखाऊ गोळी. मेटफॉर्मिनवाल्यांचे स्नायू कमी वाढले. म्हणजे जी एक गोष्ट नक्की काम करते तिच्यातच ही गोळी आड येते. ही तुम्ही धडधाकट माणसाला देणार?

जुना नाशिककर:
फिजिओताईंना अनुमोदन. ह्या सगळ्या श्रीमंतांच्या गमजा आहेत. तो अमेरिकेतला ब्रायन जॉन्सन, तरुण राहायला पाण्यासारखा पैसा ओतणारा उद्योजक, मुलाचं रक्त काढून त्यातला प्लाझ्मा स्वतःला चढवून घेतला, काही उपयोग झाला नाही म्हणून बंद केलं, रापामायसिनही वर्षानुवर्षं घेतलं आणि त्रास झाल्यावर सोडलं. आपल्याकडे आधी सिव्हिलमध्ये म्हाताऱ्या माणसाला रांगेत बसायला पुरेसे बाक हवेत, मग बघू पेशीबिशी.

म्हसरूळची रेसिडेंट:
मी मेडिसिनमध्ये एमडी करतेय म्हणून थोडं बोलते. गंगापूर रोडकर काका, तुमची कळकळ पटते, पण पुरावा तुम्ही एका बाजूचाच सांगितला. मेटफॉर्मिनची एवढी हवा झाली ती मुख्यतः २०१४ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासामुळे, त्यात गोळी घेणारे मधुमेही मधुमेह नसलेल्यांपेक्षाही जास्त जगलेले दिसले. पुढे २०२२ मध्ये डेन्मार्कच्या नोंदींवर तेच तपासलं तर तसं काही आढळलं नाही. ज्या कार्यक्रमात उंदरांवर रापामायसिन चाललं त्याच कार्यक्रमात नुसत्या मेटफॉर्मिननं आयुष्यात ठळक फरक पडला नाही, हेही सांगायला हवं होतं. रापामायसिनच्या जातीच्या औषधानं २०१४ मध्ये वयस्कर लोकांत फ्लूच्या लशीला प्रतिसाद सुधारला होता, सगळ्यांना आशा वाटली, पण त्याच कामाच्या पुढच्या औषधाची मोठी चाचणी २०१९ मध्ये फसली.

दुसरं, 'रोग' हा शब्द. जागतिक आरोग्य संघटनेनं रोगांच्या नव्या यादीत 'ओल्ड एज' असं निदान घालायचं ठरवलं होतं, ती यादी २०२२ पासून लागू झाली. त्याआधीच जगभरातून विरोध झाला आणि शब्द बदलावा लागला. कारण एकदा वय हाच रोग म्हटलं की डॉक्टर पुढे तपासणारच नाहीत. हे मी नुसतं वॉर्डात बघते असं नाही, घरीही बघितलंय. माझी आजी सारखी दमायची, पायाला मुंग्या, विसराळूपणा. एका दवाखान्यात सांगितलं, वय झालं, आता असंच राहणार. सहा महिने आम्हीही ते धरून बसलो. नंतर साधी रक्ताची तपासणी केली तर बी१२ खूप कमी. शाकाहारी, आणि वर दहा वर्षं मेटफॉर्मिन चालू, त्या गोळीनं बी१२ कमी होतं हे पुस्तकात असतं. इंजेक्शनं दिली, दीड महिन्यात आजी परत भाजी निवडताना गप्पा मारायला लागली. त्या सहा महिन्यांचा राग मला अजून आहे.

कृषीनगर ट्रॅक:
एक विचारू का, आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये दोघं जण शुगर नसताना ही गोळी घेतात, मोबाईलवर व्हिडिओ बघून चालू केली, मलाही म्हणतात घे. वय ६३, शुगर नॉर्मल, बीपी आहे. घेऊ का?

म्हसरूळची रेसिडेंट:
नको काका. तुमच्यासारख्यांना फायदा होतो हे कुणीच अजून सिद्ध केलेलं नाही. बीपी मात्र काटेकोर ठेवा, त्याचा पुरावा भरपूर आहे. आणि त्या दोघांनाही डॉक्टरांना भेटून किडनी आणि बी१२ बघून घ्यायला सांगा.

गंगापूर रोडकर:
थांबा, हे कृषीनगरवाल्या भाऊंनी विचारलं ते फार बरं झालं, कारण माझा मुद्दाच तो आहे. लोक घेतायतच! व्हिडिओ बघून, कुणालाही न विचारता. चाचणी झाली नाही म्हणून गोळी थांबत नाही, फक्त आंधळेपणानं घेतली जाते. डॉक्टरताई, डेन्मार्कचं मला माहीत होतं, लिहायला हवं होतं, चूक माझी. पण एक अभ्यास हो म्हणतो, एक नाही म्हणतो, मग चाचणी नको की चाचणी हवीच? आम्ही प्लांटमध्ये एका बॅचचे दोन रिझल्ट जुळले नाहीत तर बॅच फेकत नाही आणि सोडतही नाही, पूर्ण तपास लावतो. फिजिओताई, स्नायूंचं म्हणणं मान्य, मग त्याच चाचणीत उठबस आणि हाताची पकड मोजा ना. शाकाहारी लोकांत बी१२ मोजा. अमेरिकेतल्या चाचणीतून आपल्या शाकाहारी आजीबद्दल कसं कळणार? 'रोग' शब्द मी मागे घेतो. चाचणीचं म्हणणं मागे घेत नाही.

सिडको उत्तमनगर:
मला दोन्हीकडचं ऐकून एकच वाटतं, कानाचं यंत्र. २०२४ च्या लॅन्सेटच्या अहवालात स्मृतिभ्रंशाची १४ कारणं दिलीत, ती आवरली तर जगातले ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील म्हणे, आणि त्यात ऐकू कमी येणं आहे. ७० ते ८४ वयाच्या लोकांना कानाची यंत्रं देऊन तीन वर्षं बघितलं, सगळे मिळून फरक दिसला नाही हे खरं, पण ज्यांना धोका जास्त होता त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी. आईला आम्ही यंत्र घेतलं, ते कपाटात, सुपारीच्या डबीत असतं. का, तर कुकरची शिट्टी झाली की डोक्यात घण बसल्यासारखं होतं म्हणते. विकणाऱ्यानं एकदा लावून दिलं, परत आवाज जुळवायला कुणी बोलावलं नाही. मीच आता तिला घेऊन जाणार आहे. चाचण्यांचे कोट्यवधी रुपये यात घाला, हजारो डब्या उघडतील.

निफाडची सून:
मी पहिल्यांदाच लिहितेय इथं. सासूबाईंना चार वर्षं झाली स्मृतिभ्रंश. देशात साठीपुढच्यांत ७.४ टक्के लोकांना आहे असं वाचलं, म्हणजे अंदाजे ८८ लाख, पण आमच्या गावात या दुखण्याला नाव नाही, लोक म्हणतात म्हातारी भ्रमली. तुम्ही बहुतेक सगळे म्हणताय आधी सोयी करा, बाक, यंत्रं, व्यायाम. सगळं हवंय, मी कोण नाही म्हणणार. पण मला गंगापूर रोडवाल्या दादांचं पटलं आणि का ते सांगते.

अल्झायमरच्या स्मृतिभ्रंशावरचं ते नवीन औषध, लेकानेमॅब, त्याची आम्ही चौकशी केली. १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावते, थांबत नाही, दर पंधरा दिवसांनी सलाईन, सारखा एमआरआय कारण मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो, आणि तेही अगदी सुरुवातीलाच. आमची सुरुवात कधीच मागे पडली. सासूबाईंसाठी आता कुठलं संशोधन येणार नाही हे मी जाणून आहे. पण माझ्या नवऱ्याला परवा फवारणीचं औषध कुठं ठेवलं ते आठवेना, तेवढ्यावरून दोघं रात्रभर जागे होतो. तो ५१ चा आहे. त्याच्यासाठी कुणीतरी मुळाशी जायला पाहिजे, आत्ताच. दोन-चार रुपयांची गोळी असो नाहीतर लस. वेल्समध्ये नागिणीची लस मिळालेल्यांत सात वर्षांत स्मृतिभ्रंश साधारण २० टक्क्यांनी कमी दिसला, २०२५ मध्ये आलं ते, आणि ती लस त्यासाठी काढलेलीसुद्धा नव्हती. शोधलं म्हणून सापडलं ना.

जुना नाशिककर:
ताई, गमजा म्हटलं ते चुकलंच माझं. बाकांचं म्हणणं सोडत नाही, पण गमजा शब्द चुकला.

पंचवटी फिजिओ:
निफाडताई, तुमच्या मिस्टरांचं एकदा नीट तपासून घ्या, बी१२, थायरॉईड, झोप, बीपी. एका विसरण्यावरून काही ठरत नाही. गोळीबद्दल माझा विरोध आहे तिथंच आहे, चाचणीत ताकद मोजणार असतील तर मात्र मी मोजायला येईन. तुम्ही संध्याकाळी कसं सांभाळता? माझ्याकडच्या घरांतून सगळे संध्याकाळचंच सांगतात.

निफाडची सून:
हो, दिवेलागणीलाच. पिशवी भरतात, दोन लुगडी आणि देव्हाऱ्यातला गणपती, आणि दारात उभ्या राहतात, मला माझ्या घरी सोडा म्हणतात. आधी मी समजवायचे की हेच तुमचं घर, तर रडायच्या. आता मी पिशवी माझ्या हातात घेते आणि दोघी द्राक्षाच्या बागेच्या बांधानं विहिरीपर्यंत जातो, तिथं थोडं बसतो आणि तशाच मागे वळतो. अंगणात आलं की त्याच म्हणतात, आलं बाई घर.