ओटायटिस ऐकून मी रजिस्टरला ओटीपोट लिहिलं. व्हेट असिस्टंटचे शब्द डोक्यात बसवायचे कसे?

फलटणची_पोर

नमस्कार. दोन महिने झाले एका खासगी जनावरांच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून लागलेय, निम्मं काम कुत्र्या-मांजरांचं आणि निम्मं सरांबरोबर गाडीवर गोठ्यावर. घरी दोन म्हशी आणि एक जर्सी असल्यामुळे जनावर धरायला भीती नाही, थर्मामीटर लावणं, पट्टी, ड्रेसिंग सगळं जमतं, पण सर बोलायला लागले की अर्धं डोक्यावरून जातं आणि परत परत विचारायची लाज वाटते. परवा एका लॅब्रेडॉरला बघून सर म्हणाले ओटायटिस लिही, मला वाटलं ओटीपोटाचं काहीतरी, मी रजिस्टरला "पोटदुखी" लिहून मोकळी, आणि तो बिचारा कान खाजवत बसलेला समोर. त्याच्या आधल्या आठवड्यात हॉकचा एक्स-रे म्हणाले तर मी पुढच्या पायाचा गुडघा टेबलावर लावून तयार. सर ओरडत नाहीत, नुसते हसतात, ते जास्त लागतं.

कुणीतरी मला पीडीएफ दिली त्यात चारशे शब्द आहेत ए पासून झेड पर्यंत, पाठ करायला घेतली तर बी संपेपर्यंत ए विसरले. तुम्ही लोक कसं शिकलात? आणि हे हॉक, स्टायफल नक्की कुठे असतं ते कुणीतरी माणसाच्या भाषेत सांगा प्लीज.

शेवटचं_वर्ष_बीव्हीएससी

पीडीएफ बंद कर आधी. चारशे शब्द नाहीयेत ते, चाळीसेक तुकडे आहेत, तेच उलटेपालटे जोडलेत. शेवटी "आयटिस" आलं की दाह, सूज. पुढे जे असेल तो अवयव. ओट म्हणजे कान, ओटायटिस झाला कानाचा दाह. मास्ट म्हणजे स्तन, मग मस्टायटिस म्हणजे आपला कासदाह, तुमच्याकडे दगडी म्हणत असतील. मेट्रा म्हणजे गर्भाशय, मेट्रायटिस कळलंच. आता "पायो" म्हणजे पू हे एकदा कळलं की पायोमेट्रा कुणी शिकवायची गरज नाही, गर्भाशयात पू. माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी कुत्री सुस्त पडलीय आणि पाणी फार पितेय असं मालक म्हणाला की सर हा शब्द काढणारच, बघ तू.

घोळ एवढाच की काही अवयवांना दोन-दोन नावं आहेत, एक ग्रीक एक लॅटिन. मूत्रपिंडाला नेफ्रो पण आणि रीनल पण. गर्भाशयाला मेट्रा, हिस्टेरो आणि वर युटेरस. त्याला इलाज नाही, ते पाठच करावं लागतं.

आणि ऑपरेशनच्या शेपट्या नीट ऐक, तिथे चूक परवडत नाही. टोमी म्हणजे चिरणं, एक्टोमी म्हणजे काढून टाकणं, ओस्टोमी म्हणजे भोक पाडून ते उघडं ठेवणं. मुतखड्याचा बोकड आला की सिस्टोटोमी म्हणजे मूत्राशय चिरून खडे काढायचे आणि परत शिवायचं, आणि सिस्टोस्टोमी म्हणजे मूत्राशयात नळी बसवून ती पोटाबाहेर काढून ठेवायची म्हणजे लघवी तिकडून होत राहते. एका "स"चा फरक आहे पण ट्रेमध्ये काय काढून ठेवायचं ते पूर्ण बदलतं, दुसऱ्यात कॅथेटर लागणार. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं सरांची जीभ अडखळली.

हॉकचं सांगतो. स्वतः उभी रहा आणि टाच उचल, चवड्यावर ये. कुत्रं कायम असंच उभं असतं, बोटांवर. तुझी जी टाच हवेत आहे ना, तो घोटा म्हणजे त्याचा हॉक, मागच्या पायाचा तो मागे टोक आलेला सांधा. आणि तुझा खरा गुडघा म्हणजे त्याचा स्टायफल, तो वर पोटाजवळ असतो, केसात आणि कातडीत लपलेला, म्हणून कुणाला दिसत नाही. पुढच्या पायात ज्याला सगळं गाव गुडघा म्हणतं ते खरं तर मनगट आहे, कार्पस. गाय-घोडा तर बोटांवर पण नाही, थेट नखावर उभे. घोडा एकाच बोटाच्या नखावर, गाय दोन बोटांच्या. जिला आपण नळी म्हणतो ते तिच्या तळहाताचं हाड.

बावीस_वर्षं_पट्टी

पोरी, वरच्या भावाने बरोबर सांगितलंय पण ग्रीक-लॅटिन नंतर कर. मी सरकारी दवाखान्यात व्रणोपचारक, बावीस वर्षं झाली, दहावी पास माणूस, मला कुणी ग्रीक शिकवलं नाही. मी हात लावून शिकलो. डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटच्या बरगडीमागच्या खळग्यात, मूठ दाबून ठेव, आत कोटीपोट, म्हणजे गायीचं सगळ्यात मोठं पोट, फिरताना मुठीला ढकलतं, चांगल्या गायीला मिनिटाला एक-दोन वेळा. ते एकदा हाताला कळलं की डॉक्टर "रुमेन मोटिलिटी" म्हणाले तर तुला भाषांतर लागणार नाही. पोटफुगीत ट्रोकार, म्हणजे गॅस काढायची नळीवाली जाड सुई, मारतात तो पण डाव्याच भकाळीत, आणि डावी म्हणजे जनावराची डावी, तू समोर उभी असशील तर तुझ्या उजव्या हाताला. हसू नका, गडबडीत मी भल्याभल्यांना उजवी बाजू भादरताना बघितलंय.

आता टीआरपीची गोष्ट सांगतो. आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा केसपेपरवर टीआरपी लिहिलं तेव्हा मला टीव्हीवालं वाटलं. गाय कोपरं बाहेर फाकवून उभी, उतारावर पाय टाकेना, मानेखालची पोळी सुजलेली, मानेची शीर दोरीसारखी वर आलेली. दोन दिवसांनी मेली. मळ्यातच पोस्टमॉर्टेम केलं. जाळीपोट उघडलं, आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते म्हणून जाळीपोट, आणि त्यातून कुंपणाच्या तारेचा बोटभर तुकडा पुढे घुसलेला. मध्ये पातळ पडदा आणि पडद्याच्या पलीकडे लगेच काळीज. काळजाभोवतीच्या पिशवीत घाण वासाचं पिवळं पाणी भरलेलं, आणि काळजावर पिवळा थर, शिळ्या ऑम्लेटसारखा. डॉक्टर म्हणाले हा बघ ट्रॉमॅटिक रेटिक्युलो पेरिकार्डायटिस. त्या दिवसापासून तो शब्द मी विसरलेलो नाही, रेटिक्युलम म्हणजे जाळीपोट, पेरिकार्डियम म्हणजे काळजाची पिशवी, सगळं एका तारेत ओवलेलं. पोस्टमॉर्टेमला वास येतो म्हणून लांब उभी राहू नकोस. हातमोजे घाल, तोंडावर बांध, आणि जवळ जा.

अजून एक, नावावर फार विश्वास ठेवू नको. मिल्क फीव्हर म्हणतात, दुग्धज्वर, आणि ताप नसतोच, उलट कान गार, अंग गार, गाय मान पोटाकडे वळवून बसलेली. रक्तातलं कॅल्शियम उतरतं, व्याल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसात बहुतेक. तिथे असिस्टंटचं काम म्हणजे कॅल्शियमची बाटली धरणं, आणि ते हलकं काम नाही. बाटली वर धरली की धार जोरात, खाली आणली की हळू. डॉक्टर स्टेथो लावून काळीज ऐकत असतात, ते हाताने खाली म्हणाले की लगेच खाली. जोरात गेलं तर काळीज थांबतं गायीचं.

गोठेवाला_सांगोला

मी डॉक्टर नाय की असिस्टंट नाय, पण दाताचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. शर्यतीला जाता की नाही, आदत, दुसा, चौसा, हे सगळं दातावरनंच आहे. आदत म्हणजे अजून दुधाचेच दात, दुसा म्हणजे दोन कायमचे आले, साधारण दोन वर्षाच्या पुढं, मग चौसा, सहादाती, आणि सगळे आठ आले की जुळला. आठ बी खालचेच. वरती पुढं दात नसतातच, नुसती टणक हिरडी. आमच्याकडं शहरातनं आलेल्या एकानं नवीन गाय घेतली आणि दुसऱ्या दिवशी फोन, वरचे दात पडलेली गाय फसवून विकली म्हणून. त्याला दावणीची सगळी जनावरं तोंड उघडून दाखवली तेव्हा शांत झाला.

मांजरवाली_ठाणे

मी पाच वर्षं पेट क्लिनिकला आहे, गाईचं काही कळत नाही, पण कुत्र्या-मांजरांचं सांगते. आमच्याकडे जास्त घोळ शॉर्टफॉर्मचे होतात. बीआयडी दिवसातून दोनदा, टीआयडी तीनदा, आणि एसआयडी म्हणजे एकदा, हा एसआयडी फक्त जनावरांच्या डॉक्टरांचा, माणसांच्या मेडिकलवाल्याला कळत नाही, घाईत लिहिलेला तो क्यूआयडी वाचतो म्हणजे चार वेळा. म्हणून आमच्या मॅडमनी नियमच केलाय की मालकाला द्यायच्या चिठ्ठीवर सरळ मराठीत "रोज एकदा, रात्री जेवणानंतर".

एनपीओ म्हणजे ऑपरेशनच्या आधी तोंडाने काही नाही. मालकाला नुसतं "उपाशी ठेवा" सांगितलं तर तो चहात बिस्कीट बुडवून देतोच, कारण त्याच्या मते ते खाणं नाही, आपल्याकडे उपासाला साबुदाणा चालतो ना तसं. भूल दिल्यावर उलटी झाली आणि ती फुप्फुसात गेली तर जीव जातो, हे असंच्या असं सांगायचं, गोड बोलून नाही.

तापाचं पण लक्षात ठेव, कुत्र्याचं नॉर्मलच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, मांजराचं तेवढंच. १०२ बघून मालक घरूनच पॅरासिटामॉल देऊन आणतात. मांजराला पॅरासिटामॉल विष आहे, एक गोळी सुद्धा मारू शकते, तिच्या लिव्हरला ते निकामी करता येत नाही. मांजर आलं, हिरड्या मातकट-तपकिरी, तोंड सुजलेलं, तर पहिला प्रश्न "घरी काय दिलंत" हा विचारायचा आणि लगेच मॅडमना हाक मारायची, नंबरात बसवायचं नाही. हिरड्यांनाच ते एमएम लिहितात, म्युकस मेम्ब्रेन. बोटाने दाबून सोडलं की पांढरा ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा, तो सीआरटी.

आणि माझी फजिती पण ऐक. पहिल्या आठवड्यात फाईलवर "क्वीन, तीन वर्षं" लिहिलेलं. मी वेटिंगमध्ये जाऊन "क्वीन कोण आहे, क्वीनला घेऊन या" ओरडले. मांजरीच्या मादीला क्वीन म्हणतात हे मला कोण सांगणार. मांजरीचं नाव चिंगी होतं.

फलटणची_पोर

चिंगी 😂 मला एकटीलाच नाही होत म्हणजे. सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, टाच उचलून उभं राहायचं मी खरंच केलं, बाबा विचारत होते काय झालं पायाला. आता हॉक चुकणार नाही.

एक विचारायचं राहिलं. गोठ्यावर लोक मला पण डॉक्टर म्हणायला लागलेत, डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि परवा एकजण म्हणाला सरांना कशाला, तुम्हीच या आणि इंजेक्शन टाकून जा, शंभर देतो. मी नाही गेले. पण जाता येतं का, म्हणजे कायद्याने?

शेवटचं_वर्ष_बीव्हीएससी

नाही, आणि नाही गेलीस ते बरं केलंस. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे, त्याचं कलम ३० वाच. प्रॅक्टिस फक्त नोंदणी असलेल्या पशुवैद्यकाने करायची. राज्य सरकार काही किरकोळ सेवांना परवानगी देऊ शकतं, पण ती पण पदविका किंवा सर्टिफिकेट असलेल्यांना, आणि नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. तुझ्याकडे अजून काहीच कागद नाही. सर बाजूला उभे राहून टोच म्हणाले तर ती गोष्ट वेगळी, एकटीने घरोघर जाणं वेगळं.

बावीस_वर्षं_पट्टी

आणि शंभर रुपयांत एक रिअॅक्शन आली की गाय साठ-सत्तर हजाराची आणि मालक दारात. त्यापेक्षा आधी स्वतःचं बघ. रेबीजची लस घेतलीस का, चावायच्या आधीची? या कामात ती घ्यावी लागते. आणि जार अडकलेली गाय असेल, गाभडलेली असेल तर उघड्या हाताने काही उचलायचं नाही, ब्रुसेल्ला, म्हणजे जनावर गाभडवणारा जंतूंचा रोग, माणसाला पण होतो. आमचा एक जुना सोबती वर्षभर ताप आणि सांधेदुखी घेऊन फिरत होता, सगळे मलेरिया-टायफॉइड तपासत बसले.

फलटणची_पोर

रेबीजचं उद्याच सरांना विचारते, कुणी बोललंच नव्हतं. आत्ता संध्याकाळी धार काढून झाल्यावर म्हशीच्या डाव्या भकाळीत मूठ ठेवून मोबाईलवर वेळ लावून बसले होते, तीन मिनिटांत चार वेळा ढकललं. आई बाहेर आली आणि विचारते, म्हैस आजारीय का तू?