पासष्टी उलटली तरी ह्यांना पाड्यावरच जायचंय. थांबवू की जाऊ देऊ?

पाळकबाई, पंचवटी:
सर्वांना सलाम. आमचे हे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, म्हणून निवृत्त झाले. पाळकगृह सोडलं, आता भाड्याच्या दोन खोल्या. वाटलं होतं, नातवाला शाळेत सोडतील, दुपारी पेपर वाचत पडतील. तर ह्यांनी पेठकडच्या पाड्यांवर जायचं काढलंय. पगार नाही, नेमणूक नाही. पहाटेची एसटी, ज्येष्ठांचं अर्धं तिकीट, झोळीत शास्त्र (बायबल), जादा चष्मा आणि फडक्यात बांधलेली चटणी-पोळी. शुगरच्या गोळ्याही देते, पण परवा आले तर गोळ्यांची पट्टी जशीच्या तशी. विचारलं, तर म्हणे, "अगं, एका घरी नागलीची भाकरी खाल्ली, बोलण्यात राहून गेलं." पावसात सावळघाटात गाडी अडकली की माझा जीव टांगणीला.

दुसरं दुखणं त्याहून नाजूक. जुन्या मंडळीतले, म्हणजे आधीच्या चर्चमधले, लोक लग्नाला, मातीला अजून ह्यांनाच बोलावतात. नवे पाळक आमच्या मुलाच्या वयाचे. तोंडावर काही बोलत नाहीत, पण समजतं ना.

शरणपूरकर:
काकू, थांबवू नका. थांबायचेही नाहीत ते! आमच्या नाशिकच्या शरणपूरचंच बघा. मिशनरी रेव्ह. प्राइस साहेबांनी 1854 च्या सुमारास ही वस्ती वसवली. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे शिकली. 1874 मध्ये साहेब आफ्रिकेत मोंबासाला गेले आणि 1888 मध्ये, उतारवयात, मिशनने त्यांना तिकडे पुन्हा धाडलं. कवी रेव्ह. ना. वा. टिळकांनीही 1917 मध्ये, पंचावन्नाच्या पुढे, अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडून स्वतःच्या वाटेने नवी सुरुवात केली.

एक तरुण पाळक:
मी दुसऱ्या बाजूचा, म्हणून स्पष्ट लिहितो. पाड्यावर जाऊ द्या, मातीला नको. बायबलमधलं गणना 8 काढा. लेव्यांनी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्यांनी, पन्नाशीला सेवेतून मोकळं व्हायचं, पण पुढे भाऊबंदांना मदत करायची. काम बंद झालं नाही, जबाबदारी मात्र दुसऱ्याकडे गेली. माझ्याकडेही एक निवृत्त पाळक आहेत. कुणी बोलावलं की आधी मला फोन करतात, मग आम्ही दोघं जातो. शेवटची प्रार्थना मीच त्यांना करायला सांगतो. उलट झालं असतं तर कमिटीत दोन तट पडले असते.

नाशिकरोडकर:
आमच्याकडे कॅथलिकांत पंचाहत्तरी झाली की धर्मगुरू बिशपांकडे राजीनामा देतात. पण पापनिवेदन ऐकणं, आजाऱ्यांच्या घरी जाणं चालूच असतं. बालयेशूच्या यात्रेत म्हाताऱ्या फादरांपुढेच रांग जास्त! पण काकू, गोळ्यांचं काय? शुगर देवभक्ती बघत नाही.

पाळकबाई, पंचवटी:
तरुण पाळकांचं लिहिणं ह्यांना वाचून दाखवलं. आधी गप्प बसले, मग म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." आता मातीचा फोन आला की मीच उचलते आणि नव्या पाळकांचा नंबर देते. एक आजीबाई रागावल्यात, रागावू देत. पेठचं मात्र चालू राहणार. हे ज्यांच्याकडे उतरतात त्या घरच्या सुनेशी मी बोलले. ती म्हणाली, "आई, गोळी घेतल्याशिवाय ताट वाढणार नाही." आता पाऊस ओसरेपर्यंत मुक्काम तरी कमी करतील का, तेवढं बघायचंय.