किटवेचं केशरी आकाश

'खाणीच्या गावात धुळीशिवाय आठवण्यासारखं काय असणार?' असं कुणीतरी विचारलंय, म्हणून लिहिते. १९८०च्या दशकात आम्ही आफ्रिकेतल्या झांबियात, किटवे या तांब्याच्या खाणींच्या गावी होतो, बाबा शाळेत गणित शिकवायचे. रात्री तांब्याच्या भट्टीतली वितळलेली मळी, म्हणजे तांबं काढून उरलेला टाकाऊ रस, ढिगाऱ्यावर ओतली की अर्धं आकाश केशरी व्हायचं. आई हातातलं काम टाकून आम्हाला अंगणात हाक मारायची. वारा फिरला की मात्र गंधकाचा धूर घशाला झोंबायचा.

डिसेंबर १९८६मध्ये मक्याचं पीठ महागलं आणि दंगली उसळल्या. तेव्हा शेजारच्या बेम्बा जमातीच्या मावशींनी दोन दिवस आम्हाला घरात ठेवून घेतलं. पिठाची एवढी चणचण, तरी न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचा, पहिला वाफाळता गोळा त्यांनी माझ्याच ताटलीत वाढला. सोबत टोमॅटोतले कापेन्टा मासे, अगदी आपल्या सुकटीसारखे!